पुढच्या खोलीची भिंत

पोर्टर्सफोर्ड, पेन्सिल्व्हेनिया
२ जुलै १९७२

प्रिय एमरिस,

मी जिवंत आहे आणि धडधाकट आहे. पुरात टेलिफोनच्या तारा नदीत गेल्या, म्हणून कळवायला उशीर झाला. सध्या डोंगरावर मर्टल बेव्हनकडे आहे. शिलाईच्या कारखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवर बसते, तीच मर्टल. तिच्या खोलीत जमिनीवर गादी टाकून झोपते. तक्रार नाही; काही लोक अजून शाळेच्या जिममध्येच आहेत.

काल सैनिकांनी पहिल्यांदा आम्हाला खाली जाऊ दिलं. दार फुगून चौकटीत रुतून बसलं होतं. शेजारच्या सोबचाकबाईंच्या जावयानं, रिचीनं, खांदा मारून उघडलं. आतलं काय सांगू? फ्रिज स्वयंपाकघरात टेबलावर उताणा पडलेला, सोफा जिन्यापाशी. जिना वळतो तिथपर्यंत पाणी होतं. आता सगळीकडे गाळ. नदीचा, गटाराचा, खाणीतल्या कोळशाच्या भुकटीचा, घरं तापवायच्या भट्ट्यांतल्या तेलाचा. अजून माझ्या केसांना वास येतोय. आईच्या कपाटातले कप हुकांना तसेच लटकले होते, प्रत्येक कप गाळानं काठोकाठ भरलेला. पाहुण्यांना वाढून ठेवल्यासारखे.

पण पुढच्या खोलीच्या भिंती उभ्या आहेत. फुगल्यात, डागळल्यात, पण एक ढलपीही पडलेली नाही. तुझ्या भिंती. एकोणीस वर्षांचा होतास, हातात नवीकोरी थापी. आई येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायची, ‘हात लावून बघा, माझ्या एमरिसनं केलंय.’

तू येऊन बघ रे. तेहतीस वर्षं लोकांच्या घरांना गिलावा केलास, आता आपल्या घराला कर. तोवर मी काय करू ते लिही. डेलाला माझं प्रेम सांग.

तुझी,
विनी


अ‍ॅक्रन, ओहायो
७ जुलै १९७२

विनी,

हे टाईपरायटरवर लिहितोय. डेलानं चर्चच्या विक्रीतून आणलाय. चुका चालवून घे.

पहिली गोष्ट तळघराची. पंप मिळाला तरी पाणी घाईनं उपसू नकोस. बाहेरची माती पाणी पिऊन जड झाली आहे. आतलं पाणीच भिंतीला टेकू देतंय. एका दमात रिकामं केलंस तर भिंत आत येईल. रोज थोडं काढ, भिंतीवर खूण कर, रात्रीतून पातळी वर आली तर थांब. सोबचाकबाईंनाही सांग.

गाळ ओला आहे तोवर पाण्याच्या फवाऱ्यानं घालवा. वाळला की विटेसारखा होतो.

आणि भिंती फोड. खालच्या मजल्यावरच्या सगळ्या. गिलाव्याच्या मागे पोकळी असते, तिथे गाळ बसला आहे, तो बाहेरून दिसत नाही. लाकडी खांब उघडे पडेपर्यंत फोड, ब्लीचच्या पाण्यानं धू, आणि लाकूड खडखडीत वाळेपर्यंत बंद करू नकोस. पुढची खोलीसुद्धा. माझं काम म्हणून तिला सोडू नकोस.

महिनाअखेर येतो.

एमरिस


पोर्टर्सफोर्ड
१६ जुलै १९७२

प्रिय एमरिस,

टाईपरायटर! साहेब झालास की. पत्र मात्र कुठे कुठे हिंडून आज मिळालं. आमचं पोस्ट सध्या शाळेच्या मैदानात एका ट्रकमध्ये भरतं.

तुझं पत्र चार दिवस आधी यायला हवं होतं. रिचीनं कुठूनतरी मोठा पंप मिळवला आणि सोबचाकबाईंचं तळघर एका दिवसात कोरडं ठणठणीत केलं. गल्लीभर मिरवत होता. ‘विनी आँटी, तुमचंही करून देतो.’ मी म्हटलं, ‘आधी मला चिखलातून माझी चप्पल शोधू दे.’ संध्याकाळी आम्ही पायऱ्यांवर रेडक्रॉसचं सूप पीत बसलो होतो आणि गाडी आपटल्यासारखा आवाज आला. तळघराची नदीकडची भिंत आख्खीच्या आख्खी आत. कोणी खाली नव्हतं, देवाची कृपा. घराचा तो कोपरा आता हवेत आहे आणि दारावर लाल कागद चिकटवलाय. आत जायचं नाही.

सोबचाकबाई रडल्या नाहीत. रिचीच रडला. त्या त्याला म्हणाल्या, ‘गप. तू नदीशी भांडलास, माझ्याशी नाही.’ आज मी त्यांना तुझं पत्र दाखवलं नाही. काय उपयोग? माझं तळघर वाचलं ते माझ्या आळसानं, शहाणपणानं नव्हे.

कारखान्यातल्या बायका शनिवारी आल्या, रांग लावून बादल्यांनी गाळ काढला. ज्या बाईनं आयुष्यभर नाजूक लेस लावली ती फावडं असं चालवत होती की बघत राहावं. स्वयंपाकघर आणि जेवणाची खोली पहारीनं फोडून झाली. तू म्हणालास तसंच निघालं, मागे गाळच गाळ.

पुढची खोली तेवढी राहिलीय. ती तू आलास की बघू. महिनाअखेर म्हणजे नक्की कधी?

विनी


अ‍ॅक्रन
३० जुलै १९७२

विनी,

येणं जमत नाही. मोठं काम आहे, सोडता येत नाही. सोबचाकबाईंचं वाचून वाईट वाटलं.

पुढची खोली फोडलीस का? नसेल तर फोड. थांबू नकोस. ऑगस्टची हवा दमट असते.

एमरिस


पोर्टर्सफोर्ड
१३ ऑगस्ट १९७२

एमरिस,

तुझं ‘मोठं काम’ कोणाचं आहे? बँकेचं? एखाद्या दंतवैद्याच्या बंगल्याचं? बहिणीचं घर नदीखाली गेलं आणि तुला दोन दिवस मिळत नाहीत. आणि वर लिहितोस चार ओळी, तारेसारख्या, शब्दागणिक पैसे पडत असल्यासारख्या.

पुढच्या खोलीचं विचारलंस. फोडली नाही. पुसली, खिडक्या उघड्या ठेवल्या आणि गेल्या आठवड्यात पांढरा रंग दिला. छान दिसते. गल्लीतलं एकमेव पांढरं काही असेल तर ते आमच्या पुढच्या खोलीत आहे. लोक बघायला येतात. मी आता घरीच राहायला आले आहे, वरच्या मजल्यावर.

तेव्हा तू यायची गरज नाही. तुझी कामं चालू दे.

विनिफ्रेड


अ‍ॅक्रन
१९ ऑगस्ट १९७२

प्रिय विनी,

एमरिसना न विचारता लिहिते आहे. ते वर झोपलेत. मी शपथ घातल्यासारखी गप्प होते, पण तुमचं पत्र आल्यापासून ते जेवले नाहीत, त्यामुळे शपथ गेली खड्ड्यात.

एप्रिलमध्ये एका सकाळी ते कामावर गेले आणि मचाणावर उभ्या उभ्या त्यांच्या हातातली थापी पडली. उचलायला वाकले तर ते स्वतःच पडले. मेंदूत रक्ताची गाठ, डॉक्टर म्हणाले, लहानशी. पाय परत आला. बोलणंही बरंचसं आलं, अजून काही शब्द अडखळतात, म्हणून ते फोनजवळ जात नाहीत. उजवा हात आला नाही. तो आता मांडीवर ठेवलेला असतो, दुसऱ्या कोणाची तरी वस्तू सांभाळत असल्यासारखा.

काम नाहीये, विनी. कुठलंच नाही. तुमचं पहिलं पत्र आलं तेव्हा ते म्हणाले, ‘तिचं घर गेलंय, आता भाऊही गेला म्हणून कसं सांगू?’ मी म्हटलं, ‘अहो, भाऊ कुठे गेलाय, समोर बसून कॉफी पितोय!’ पण ऐकतील तर शपथ. डाव्या हाताच्या एका बोटानं ती पत्रं टाईप करतात. चार ओळींना सकाळ जाते.

तुमच्यावर राग नाही. तुम्हाला कसं कळणार? पण आता कळलंय.

डेला


पोर्टर्सफोर्ड
२६ ऑगस्ट १९७२

माझ्या एमरिस,

डेलावर ओरडू नकोस. ओरडलास तर मी तिथे येऊन तुझी कानउघाडणी करीन, आणि माझे दोन्ही हात चांगले आहेत.

मूर्ख माणसा. मला तुझा हात हवा होता की तू?

आता माझंही ऐक. रंग दिला तेव्हा भिंत छान दिसत होती, हे खरं. दहा दिवसांत खालून करडे ठिपके आले. पुसले, पुन्हा आले, काळे. आता कमरेएवढ्या उंचीवर सगळी भिंत काळपट झालीय आणि सकाळी ती घामेजते. खोलीत शिरलं की घसा धरतो. मला खोकला आहे. कारखाना पुन्हा सुरू झालाय, तिथली नर्स म्हणाली की त्या घरात झोपू नका. मी झोपते.

तू फोड म्हणालास तेव्हा मी पहार घेऊन तीनदा त्या खोलीत गेले. तीनदा परत आले. बाकी सगळं नदीनं नेलं, एमरिस. आईचा फोटो, बाबांचं बायबल, पडदे, सगळं. ती एक गोष्ट जशीच्या तशी होती. आणि आता डेलाचं पत्र वाचल्यावर तर माझ्यानं अजिबातच व्हायचं नाही. त्या हातानं पुन्हा भिंत होणार नाही. जी आहे ती मी कशी फोडू?

विनी


अ‍ॅक्रन
१ सप्टेंबर १९७२

विनी,

हात गेला म्हणून भिंतीला नैवेद्य दाखवत बसणार आहेस का? बाबा कोळशाच्या धुळीनं गेले. तू बुरशीनं जाऊ नकोस. आजच्या आज मर्टलकडे जा.

मी येतोय. लेकीचं, लिनेटचं, बाळंतपण जवळ आलंय, म्हणून डेला इथेच राहील. मी एकटा. बस ९ तारखेला, शनिवारी संध्याकाळी पोचते. मला उतरवून घ्यायला ये, पण बॅग मी धरणार.

एमरिस


पोर्टर्सफोर्ड
१२ सप्टेंबर १९७२

प्रिय डेला,

तुझा नवरा पोचला, जेवला, आणि माझ्या कॉफीला नावं ठेवून झाली. म्हणजे तब्येत ठीक आहे.

बसमधून उतरताना मी त्याला ओळखलं नाही. एका बाजूला कलून चालतो, हे तू लिहिलं नव्हतंस. बॅग त्यानंच धरली. मी रस्ताभर बोलत राहिले, कारण थांबले असते तर रडले असते. त्यालाही ते कळलं असावं, कारण त्यानं एकदाही मध्ये तोडलं नाही. आमच्या घराण्यात असं कधी झालेलं नाही.

रविवारी सकाळी सरळ पुढच्या खोलीत गेला. दारातच थांबला. मला वाटलं ओरडेल. भिंतीला डावा हात लावला, बोटं हुंगली आणि म्हणाला, ‘पहार कुठाय?’

‘एमरिस, माझ्यानं नाही होणार.’

‘मग मी करतो.’

त्यानं डाव्या हातात हातोडा घेतला आणि मारला. डेला, भिंतीला नुसता पोचा आला. पुन्हा मारला, हातोडा निसटून त्याच्या बुटावर पडला. तो माझ्याकडे बघेना, मी त्याच्याकडे. शेवटी म्हणाला, ‘उजवा सैनिक पळून गेला आणि मागे हा कारकून राहिला.’ त्या डाव्या हाताकडे बघत. आणि हसायला लागला, आणि मग ते हसू राहिलं नाही. मी त्याला धरून उभी राहिले. केवढा वेळ, कोण जाणे.

मग मीच हातोडा उचलला. पहिला घाव मारला. गिलावा पावासारखा मऊ झाला होता. एक भलामोठा तुकडा खाली आला आणि मागून गाळ भसकन बाहेर, काळा, ओला, जूनमधलाच. वास असा, की आम्ही दोघंही अंगणात पळालो.

‘ह्याला तू रंग दिला होतास,’ एमरिस म्हणाला.

‘चांगला महागाचा दिला होता.’

परत आत आलो. भोकातून आतल्या लाकडी पट्ट्या दिसत होत्या. पट्ट्यांच्या फटींतून पलीकडे गेलेला गिलावा तिथेच घट्ट आवळून बसला होता, बोटांनी धरल्यासारखा. एमरिसनं वाकून बराच वेळ पाहिलं. ‘एकोणीस वर्षांच्या पोरानं बरं काम केलं होतं,’ म्हणाला. ‘चल. हाण आता.’

मी हाणलं. संध्याकाळपर्यंत चारही भिंती अंगणात होत्या. घरातून आता आरपार दिसतं. चुलीपाशी उभं राहून पोस्टमन दिसतो. लाकडं धुतली, भट्टी पेटवली. वाळेपर्यंत थांबायचं.

खोकला कमी आहे. तू लिनेटची काळजी घे. ह्याची मी घेते.

विनी


पोर्टर्सफोर्ड
२२ ऑक्टोबर १९७२

प्रिय डेला,

नातीबद्दल अभिनंदन! आजोबांनी गल्लीत प्रत्येक घरी जाऊन सांगितलं. ज्यांना घर नाही त्यांना सरकारनं दिलेल्या ट्रेलरमध्ये जाऊन सांगितलं. तो उद्याच्या बसनं निघतो, हे पत्र त्याच्याच खिशात देणार होते, पण तो फोडून वाचेल म्हणून पोस्टानं पाठवते.

लाकूड वाळलं. गवंडी मिळेना, आख्ख्या खोऱ्याला एकाच वेळी गिलावा हवा आहे. वसंतापर्यंत थांबा म्हणाले. आणि थंडी पडली की ओला गिलावा गोठतो, मग सगळं पाण्यात. मी म्हटलं, उघड्या खांबांत हिवाळा काढते. एमरिस खुर्ची घेऊन खोलीच्या मध्यभागी बसला आणि म्हणाला, ‘थापी घे.’

‘मी? मी कॉलर शिवते.’

‘तीस वर्षं कॉलर शिवतेस. कापड ताणायचं किती नि सोडायचं किती, हे तुझ्या बोटांना कळतं की नाही? मग घे.’

पहिल्या दिवशी जेवढा भिंतीवर गेला त्याहून जास्त माझ्या डोक्यावर आणि जमिनीवर पडला. सोबचाकबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, ‘विनी, केक भिंतीला लावायचा नसतो, खायचा असतो.’ एमरिस बसल्या जागेवरून ओरडत होता: ‘मनगट नको, खांदा! खालून वर! चापट्या काय मारतेस, दाब दे, पट्ट्यांच्या पलीकडे जाऊ दे!’ ओरडताना शब्द अडखळत नाहीत, तुझ्या लक्षात आलंय का? मी म्हटलं, ‘मला शिव्या देताना बरी जीभ चालते.’ तो चमकला. मग आणखी ओरडला, मुद्दाम.

एकदा मी रडकुंडीला येऊन थापी फेकली. तो उठला, माझ्या मागे उभा राहिला, डावा हात माझ्या कोपराखाली धरला आणि हळूच वर नेला. माल भिंतीला असा बसला की आवाजच बदलला. ‘ऐकलंस?’ म्हणाला. ऐकलं, डेला. त्यानंतर तो आवाज आला की नाही, एवढंच बघत गेले.

शेवटचा पांढरा हात परवा झाला. खिडकीजवळ एक लाट राहिली आहे. एमरिस म्हणतो, पुसून पुन्हा कर. मी म्हटलं, राहू दे, ती नदीची आहे.

त्याला सांभाळून उतरवून घे. बॅग तोच धरेल.

विनी


अ‍ॅक्रन
१९ नोव्हेंबर १९७२

विनी,

नातीचं डोकं माझ्या डाव्या तळहातात बरोबर बसतं. हा हात एवढ्यासाठी तरी बरा.

तुझ्याकडून आल्यावर युनियनच्या ऑफिसात गेलो. एप्रिलपासून तिथे तोंड दाखवलं नव्हतं. त्यांना सांगितलं, मला खुर्ची द्या आणि शिकाऊ माणसं द्या. हसले नाहीत. मंगळवार आणि गुरुवार, संध्याकाळी, दोन जण येतात. एक पूर्वी बस चालवायचा. थापी स्टिअरिंगसारखी धरतो. मी त्याला म्हटलं, माझी बहीण एकसष्ट वर्षांची आहे, कॉलर शिवते, आणि तुझ्याहून चांगलं करते. त्याला राग आला. चांगलं झालं, आता शिकेल.

एप्रिल ते सप्टेंबर मी एका भिंतीकडे बघत बसलो होतो. डेला म्हणते, तेव्हा मी बोलत नव्हतो म्हणून तिला काळजी. आता गप्प बसत नाही म्हणून.

ती लाट पुसली नाहीस ना अजून? मला वाटलंच.

एमरिस


पोर्टर्सफोर्ड
२७ डिसेंबर १९७२

प्रिय एमरिस आणि डेला,

नाताळच्या शुभेच्छा, जरा शिळ्या. कार्ड पाठवणार होते, पण हे सांगितल्याशिवाय राहवेना.

आमच्या चॅपलमध्ये अजून बाकं नाहीत, भट्टीही नाही. गेल्या आठवड्यात गायकवृंदाचे गुरुजी, मिस्टर हॉपकिन, दारात येऊन टोपी काढून उभे. ‘मिस प्रॉसर, तुमच्या पुढच्या खोलीत फर्निचर नाही असं ऐकलं.’ मी म्हटलं, ‘खरं आहे, एक खुर्ची आहे.’ ते म्हणाले, ‘उत्तम. मग आम्ही मावू.’

नाताळच्या आदल्या संध्याकाळी सगळे आले. ट्रेलरमधून, डोंगरावरून, भावाबहिणींच्या घरांतून. ओल्या कोटांची वाफ येत होती. जूननंतर यातले कित्येक जण एकमेकांना भेटलेच नव्हते. दोघं आता नाहीतच. मर्टलनं केक आणले. सोबचाकबाई, पक्क्या कॅथलिक, आमच्या चॅपलच्या नव्हेत, ‘मी फक्त ऐकायला आलेय’ म्हणून जिन्यावर बसल्या. त्यांचं घर गेल्या महिन्यात पाडलं. ते पाडत होते तेव्हा त्या माझ्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत होत्या. एवढे सोलले की चार दिवस पुरले. आता वसंतापर्यंत त्या माझ्याकडेच वरच्या खोलीत आहेत. घोरतात.

हॉपकिनगुरुजींनी भिंतीवर बोटांनी टकटक केलं. ‘कोणाकडून करून घेतलंत?’ मी म्हटलं, ‘मी केलंय. भावानं सांगितलं तसं.’ त्यांना वाटलं मी चेष्टा करतेय.

मग गायला लागले. तुला आठवतं, त्या खोलीत गालिचा, पडदे, आईची ती अजस्र कपाटं होती. कोणी शिंकलं तरी आवाज जिरून जायचा. आता काही नाही, नुसत्या चार भिंती. पहिलाच सूर असा घुमला की सगळे दचकले आणि एकमेकांकडे बघू लागले. गुरुजींचा हात हवेतच राहिला. मग म्हणाले, ‘पुन्हा. पहिल्यापासून.’ आणि यावेळी कोणी राखून गायलं नाही. मर्टलचे भाऊ मिस्टर बेव्हन, ज्यांचं दुकान वाहून गेलं, डोळे मिटून गात होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं, पुसतही नव्हते.

लोक म्हणतात, सरकार सगळी गल्लीच पाडणार. कोणी म्हणतं, पुढच्या वर्षी. कोणी म्हणतं, नाही. मला माहीत नाही. नदी तिथेच आहे.

मला गाता येत नाही, ते तुम्हाला ठाऊकच आहे. मी मागे खिडकीजवळ उभी होते, भिंतीला तळहात लावून. खालच्या सुरांना ती माझ्या हाताखाली थरथरत होती. कोरडी होती.

तुमची,
विनी